वेळेत जोडलेली मोजमापं आणि चाचण्यांची गृहीतकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात संख्याशास्त्र शिकवताना आणि लोकांचे आकडे तपासून देताना हे प्रश्न मला इतक्या वेळा विचारले गेले आहेत की सगळी उत्तरं एकदा नीट लिहून काढायचं ठरवलं. विचारणारे मुख्यतः तीन तऱ्हेचे असतात. विद्यापीठात पीएचडी करणारी मुलं, मकरपुरा आणि नंदेसरीच्या कारखान्यांतली क्वालिटी कंट्रोलची मंडळी आणि डॉक्टर. मुलं मला ताई म्हणतात, कारखान्यातले बेन म्हणतात, पण अडचण सगळ्यांची एकच. एकाच गोष्टीचं माप ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा घेतलेलं असतं आणि पुस्तकातली चाचणी मात्र प्रत्येक नोंद सुटी, बाकीच्यांपासून स्वतंत्र आहे असं धरून चालते.

खाली जिथे 'समजा' म्हटलं आहे तिथले आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. सूत्रं आणि त्यांतून निघणारी उत्तरं मात्र तुम्ही स्वतः कागदावर करून बघू शकता, आणि बघाच.

ताई, माझ्याकडे वर्षभराच्या दर तासाच्या 8,760 नोंदी आहेत. एवढा डेटा असताना स्वतंत्रतेची काळजी कशाला?

काळाघोड्याच्या पुलावर उभे राहा आणि खाली विश्वामित्री नदीचं पाणी बघा. आत्ता दहा वाजता जी पातळी आहे, तीच थोड्याफार फरकाने अकरा वाजता असणार. पावागढच्या बाजूला पडलेला पाऊस आणि आजवा तलावातून सोडलेलं पाणी शहरात पोचायला वेळ घेतं, आणि चढलेली नदी उतरायलाही वेळ घेते. 2024 च्या ऑगस्टचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाऊस थांबला तरी पाणी रस्त्यावरून हटत नव्हतं. म्हणजे अकराची नोंद दहाच्या नोंदीचीच बरीचशी उजळणी असते. नवी माहिती तिच्यात थोडीच असते.

ही थोडी म्हणजे किती, ते मोजता येतं. लागोपाठच्या दोन नोंदींमधला सहसंबंध ρ असेल आणि ही आठवण दर पावलाला त्याच प्रमाणात विरत जात असेल, तर सरासरीपुरती n नोंदींची खरी किंमत n × (1 − ρ) / (1 + ρ) एवढीच उरते. समजा तासागणिक ρ 0.98 आहे. 8,760 ला 0.02 ने गुणा आणि 1.98 ने भागा. उत्तर येतं 88. तुमच्या साडेआठ हजार ओळींच्या फाइलमध्ये सुमारे 88 सुट्या नोंदींइतकाच ऐवज आहे. नेहमीच्या सूत्राने काढलेली प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरी किती हलू शकते त्याचा अंदाज, इथे खऱ्या त्रुटीच्या दहाव्या हिश्शाएवढी येते.

उलट त्याच शहरातल्या रोजच्या पावसाचे आकडे घ्या. 31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, पण त्यावरून दुसऱ्या दिवशी किती पडेल ते सांगता येत नव्हतं. पावसाची आठवण तोकडी, नदीची लांब. एकाच आभाळाखालचे दोन डेटा, आणि दोघांना एकच चाचणी तशीच लावली तर एकाची जवळपास जमते आणि दुसऱ्याची पूर्ण चुकते.

ऑटोकोरिलेशन म्हणजे नेमकं काय? सूत्र नको, समजेल असं सांगा.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात आजोबांची एक लांबट हिशेबाची वही होती. डावीकडे तारीख आणि पुढे रक्तदाबाचे तीन आकडे, सकाळच्या चहाआधी पाच-पाच मिनिटांनी घेतलेले. एका ओळीत 148, 146, 145. खालच्या ओळीत 139, 140, 138. त्या खालच्या ओळीत 141, 139, 140. आडव्या ओळीत बोट फिरवलं की आकडे सख्खे भाऊ वाटायचे, आणि उभं फिरवलं तरी शेजारच्या दिवसांचे आकडे महिन्याभराच्या अंतरावरच्या दिवसांपेक्षा जवळचे दिसायचे. हाच स्वसहसंबंध, म्हणजे ऑटोकोरिलेशन. मालिका स्वतःच्याच मागच्या नोंदींशी किती जुळते त्याचं माप. एक पाऊल मागच्या नोंदीशी जुळवलं तर लॅग 1, सात पावलं मागे गेलं तर लॅग 7.

आजोबांची गोळी बदलली तेव्हा मी नुकतीच एमएस्सीला होते. आधीचे 30 दिवस आणि नंतरचे 30 दिवस, दर दिवसाचे तीन, म्हणजे 90 विरुद्ध 90 नोंदी घेऊन मी टी-टेस्ट, म्हणजे दोन सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी, लावली आणि नवी गोळी लागू पडली असं घरात सगळ्यांना सांगितलं. आज तोच हिशेब वेगळा करते. दिवसाच्या तीन आकड्यांची आधी एक सरासरी, म्हणजे राहिले 30 दिवस. दिवसादिवसांत समजा 0.5 चा सहसंबंध, तर 30 × 0.5 / 1.5, म्हणजे 10. नव्वदांचे दहा झाले. गोळी कदाचित खरंच लागू पडली असेल, पण मी ज्या खात्रीने सांगितलं होतं ती खात्री त्या वहीत नव्हती.

गाईडनी सांगितलंय की सगळ्यात आधी शापिरो-विल्क लावून नॉर्मॅलिटी बघ. ती नापास झाली. आता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आकडे नॉर्मल, म्हणजे मधे उंच आणि दोन्ही बाजूंना सारखे उतरणारे, आहेत का हे बघणारी ही चाचणी शापिरो आणि विल्क यांनी 1965 मध्ये मांडली ती स्वतंत्र नोंदींसाठी. तिचं पी-मूल्य, म्हणजे गृहीतक खरं असताना एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ज्या वितरणावरून निघते, ते नोंदी सुट्या आहेत हे धरूनच काढलेलं आहे. म्हणजे एक गृहीतक तपासायला तुम्ही जी चाचणी आणलीत ती स्वतःच दुसऱ्या गृहीतकावर उभी आहे, आणि ते दुसरं गृहीतक तुमच्या डेटात नेमकं मोडलेलं आहे. घट्ट जोडलेली मालिका बराच वेळ एका बाजूला रेंगाळते, मग दुसऱ्या बाजूला. हिस्टोग्राम काढला तर त्याला उगाच उंचवटे येतात, आणि मूळ यंत्रणा पूर्ण नॉर्मल असूनही चाचणी तिला हवं त्यापेक्षा जास्त वेळा नापास करते.

आता ऋतू बघा. बडोद्याच्या वर्षभराच्या तापमानाच्या नोंदी एका पोत्यात भरल्या तर मे महिन्याची काहिली आणि जानेवारीच्या पहाटेचा गारवा एकत्र येतो आणि ढीग सपाट किंवा दोन कुबडांचा होतो. शापिरो-विल्क तिथे ओरडणारच. पण ती ओरडते ऋतूबद्दल, तुमच्या मोजमापातल्या चुकांबद्दल नाही.

हे उलटही होतं आणि ते जास्त फसवं आहे. ज्या मालिकेची आठवण लांब असते तिची प्रत्येक नोंद ही मागच्या पुष्कळ धक्क्यांची गोळाबेरीज असते. बेरीज झाली की तिरपेपणा झिजतो. त्यामुळे मूळ धक्के चांगलेच तिरपे असूनही वरची मालिका गुळगुळीत, नॉर्मलसारखी दिसू शकते. चाचणी पास होते आणि आत काय चाललंय ते कळतच नाही.

शिवाय रिग्रेशन असो की दोन गटांची तुलना, नॉर्मल असायला हवेत ते अवशेष, म्हणजे रेसिड्युअल. कच्चे आकडे नाहीत. मॉडेलने कल, ऋतू आणि आठवण काढून घेतल्यावर जो चुरा उरतो तो नॉर्मल आहे का, हा खरा प्रश्न. म्हणून शापिरो-विल्क लावायचीच तर ती सगळ्यात शेवटी, जेव्हा अवशेषांत स्वसहसंबंध उरलेला नाही याची खात्री झालेली असते. आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मी क्यू-क्यू आलेख, म्हणजे अवशेष नॉर्मल असते तर ज्या रेषेवर पडले असते तिच्याशी त्यांची तुलना, जास्त मन लावून बघते. नोंदी भरपूर असतील तर थोडा तिरपेपणा सरासरीच्या चाचणीला सोसतो. तुटलेली स्वतंत्रता मात्र नोंदी कितीही वाढवल्या तरी सोसत नाही.

गाईडशी वाद घालू नका. ही कारणं कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा. माझ्या अनुभवात बहुतेकजण ऐकतात.

मग तपासायचा क्रम काय?

पहिल्यांदा वेळेनुसार साधा आलेख, आणि त्याच्याकडे चहा निवेपर्यंत बघत बसणं. कल आहे का, ऋतू आहे का, मधेच पायरी आहे का, सेन्सर बदलल्याची खूण आहे का. मग मालिका स्थिर आहे का, म्हणजे तिची सरासरी आणि चढउतार काळाबरोबर बदलत नाहीत ना, ते. मग स्वसहसंबंध किती दूरपर्यंत पोचतो ते. मग या सगळ्याला सामावून घेणारं मॉडेल. त्यानंतर त्या मॉडेलच्या अवशेषांवर पुन्हा स्वसहसंबंध, मग प्रसरण, म्हणजे आकडे किती पसरले आहेत ते, आणि शेवटी नॉर्मॅलिटी. पुस्तकांत बहुधा याच्या बरोबर उलटा क्रम छापलेला असतो, कारण ती पुस्तकं शेतातल्या वाफ्यांच्या आणि सुट्या माणसांच्या प्रयोगांसाठी लिहिलेली आहेत.

स्वसहसंबंध दुर्लक्षिला तर चूक किती मोठी होते? आकड्यात सांगा.

सांगते. 5 टक्क्यांच्या पातळीची चाचणी म्हणजे काही फरक नसताना शंभरातून पाचदा 'फरक आहे' म्हणणारी चाचणी. ρ 0.6 असेल तर सरासरीचं खरं प्रसरण 1.6 / 0.4, म्हणजे चौपट होतं, त्रुटी दुप्पट होते आणि ती पाचाची चूक जवळपास 33 वर जाते. ρ 0.8 असेल तर प्रसरण नऊपट, त्रुटी तिप्पट आणि चूक 51 च्या आसपास. नाणं उडवून निकाल लावल्यासारखंच झालं. मोठ्या नमुन्यासाठीचं हे गणित आहे. लहान नमुन्यात आकडे थोडे हलतात, दिशा तीच राहते.

डभोईकडच्या एका विद्यार्थिनीने घरच्या विहिरीची पातळी दोन वर्षं रोज पहाटे दोरी सोडून मोजली होती. बंधाऱ्याने पातळी वाढली असा तिचा निष्कर्ष होता, पी-मूल्य 0.001 पेक्षा खाली. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला, कारण 730 नोंदी सुट्या धरल्या होत्या. ती वही मी पाहिली आहे. एकही दिवस चुकलेला नाही, तापात असताना आईने मोजून लिहिलेलं अक्षरसुद्धा ओळखू येतं. इतक्या कष्टांचं चीज केवळ एका न विचारलेल्या प्रश्नामुळे अडून राहावं याचं मला अजून वाईट वाटतं. नीट मॉडेल बसवल्यावर वाढ दिसलीच, फक्त विश्वास-अंतराल (कॉन्फिडन्स इंटरव्हल) रुंद झाला, आणि प्रबंध पुढे गेला.

एसीएफचा आलेख कसा वाचायचा?

एसीएफ म्हणजे प्रत्येक लॅगच्या स्वसहसंबंधाचा आलेख. प्रत्येक लॅगला एक काडी, आणि वरखाली दोन तुटक रेषा. त्या रेषा साधारण ±1.96 / √n वर असतात. 120 नोंदी असतील तर ±0.18. काडी बाहेर गेली की लोक घाबरतात, पण 20 काड्यांमधली एखादी नुसत्या योगायोगाने बाहेर जाणारच. मी आकार बघते. काड्या हळूहळू उतरत गेल्या तर आठवण आहे. अजिबात उतरत नसतील, पुढे पुढे उंचच राहत असतील, तर मालिका स्थिर नाही किंवा कल काढायचा राहिला आहे. दर सातव्या काडीला उंचवटा असेल तर आठवड्याची लय आहे. रविवारी सेव-उसळच्या गाडीवर गर्दी दुप्पट होते तसली.

बाहेरची एकही काडी नाही म्हणजे स्वसहसंबंध नाही, असंही समजू नका. समजा 24 महिन्यांच्या नोंदी आहेत आणि खरा सहसंबंध 0.3 आहे. रेषा ±0.4 वर, म्हणजे काडी बहुतेक वेळा आतच राहणार. पण तेवढा 0.3 सुद्धा 5 टक्क्यांची चूक 15 टक्क्यांवर नेतो. लहान मालिकेत 'चाचणीत काही सापडलं नाही' या वाक्यावर विसंबू नये. मोजमाप कसं घेतलं जातं त्यावरून आठवण असणार हे कळत असेल तर ती आहे असं धरूनच पुढे जावं.

डर्बिन-वॉटसन घ्यायची की ल्यूंग-बॉक्स?

दोन्ही चाचण्या अवशेषांतला स्वसहसंबंध शोधतात, पण काय विचारायचंय त्यावर आहे. डर्बिन आणि वॉटसन यांची 1950 आणि 1951 ची चाचणी फक्त शेजारच्या नोंदीकडे बघते. तिचं मूल्य साधारण 2 × (1 − r) असतं, r म्हणजे लॅग 1 चा स्वसहसंबंध, म्हणून 2 च्या जवळ आलं तर ठीक, 0.8 आलं तर r सुमारे 0.6. आठवड्याची लय तिला दिसतच नाही. आणि मॉडेलमध्ये तुम्ही कालचं मूल्य स्वतःच घातलं असेल तर ती 2 कडे झुकते आणि सगळं आलबेल असल्याचं सांगते. तिथे ब्रॉइश-गॉडफ्रे चाचणी वापरा.

ल्यूंग आणि बॉक्स यांची 1978 ची चाचणी अनेक लॅग एकत्र बघते. तिच्या बाबतीत दोन चुका मी सतत बघते. एक, एआर (मागच्या नोंदींवर आधारलेलं) किंवा एमए (मागच्या धक्क्यांवर आधारलेलं) मॉडेलचे जितके गुणांक तुम्ही बसवलेत तितके स्वातंत्र्याचे अंश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) वजा करायचे राहून जातात. दोन, आर या संगणक-भाषेतलं बॉक्स-टेस्ट नावाचं फंक्शन आपण काही न सांगता चालवलं तर ते लॅग 1 घेतं आणि ल्यूंग-बॉक्स न चालवता जुनी बॉक्स-पिअर्स चालवतं. लोक प्रबंधात ल्यूंग-बॉक्स लिहितात आणि आकडा असतो दुसऱ्याच चाचणीचा.

डिकी-फुलर म्हणते स्थिर, केपीएसएस म्हणते स्थिर नाही. कोणाचं ऐकू?

दोन्ही चाचण्या मालिका स्थिर आहे का ते बघतात, पण दोघींचे प्रश्न एकमेकींच्या उलट आहेत. 1979 ची डिकी-फुलर सुरुवातीला मालिका भटकी, म्हणजे ठरलेल्या पातळीकडे न परतणारी, आहे असं धरते आणि तिला ते नाकारता येतं का बघते. 1992 ची केपीएसएस सुरुवातीला मालिका स्थिर आहे असं धरते. दोघींनी आपापलं म्हणणं नाकारलं नाही, तर डेटा थोडा आहे, काहीच ठरत नाही. दोघींनी नाकारलं, जसं तुमच्या बाबतीत झालंय, तर बहुधा मधे पायरी आहे, किंवा आठवण फार लांब आहे, किंवा कल असूनही तुम्ही चाचणीला कल नाही असं सांगितलं आहे. पुन्हा आलेखाकडे जा. नव्वद टक्के वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आणि मालिका भटकी वाटली म्हणून डोळे मिटून लागोपाठच्या नोंदींचे फरक काढू नका. मुळात सुट्या असलेल्या नोंदींचे फरक काढले की लॅग 1 ला −0.5 चा सहसंबंध तुम्हीच तयार करता.

दोन मालिकांचा सहसंबंध 0.9 च्या वर आहे. हे तरी पक्कं ना?

नाही. उडनी यूल यांनी 1926 मध्ये हाच प्रश्न हाताळला. इंग्लंडमध्ये 1866 ते 1911 या काळात एकूण लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लागलेल्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध त्यांना 0.95 आढळला. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. दोन्ही फक्त काळाबरोबर उतरत होते. पुढे 1974 मध्ये ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी दाखवलं की एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या दोन भटक्या मालिकांचं रिग्रेशन केलं तरी टी-मूल्यं सर्रास मोठी येतात. आर-स्क्वेअर (मॉडेल किती बसलं त्याचं माप) उंच आणि डर्बिन-वॉटसन अगदी खाली, ही जोडी दिसली की थांबा.

प्रसरण सारखं आहे का बघायला लेव्हीनची चाचणी चालेल?

कच्च्या, जोडलेल्या नोंदींवर नाही. तिलाही स्वतंत्रता लागते. अवशेषांवर चालेल. वेळेच्या ओघात प्रसरण कमीजास्त होतंय अशी शंका असेल, शांत आठवडे आणि मग खवळलेले आठवडे, तर अवशेषांचे वर्ग घेऊन त्यांचा एसीएफ काढा. एंगल यांची 1982 ची चाचणी तेच काम करते.

माझे 40 पेशंट आहेत आणि प्रत्येकाचं सहा वेळा मोजमाप आहे. मीही याच गोंधळात आहे का?

हो, पण तुमची स्थिती बरी आहे. पेशंट एकमेकांपासून सुटे आहेत, आठवण फक्त प्रत्येकाच्या आत आहे. 240 नोंदी सुट्या धरायच्या नाहीत, एवढं पहिलं. रिपीटेड मेझर्स अनोव्हा (त्याच माणसांच्या वेगवेगळ्या वेळच्या सरासऱ्यांची तुलना) लावलात तर त्याचं गृहीतक असं की कुठल्याही दोन वेळांमधल्या फरकाचं प्रसरण सारखंच असावं. आता विचार करा. पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यातला फरक आणि पहिल्या आणि सहाव्यातला फरक, यांचं प्रसरण सारखं कसं असेल? शेजारच्या वेळा जवळच्या असतात, म्हणून हे गृहीतक वेळेच्या मोजमापांत सहसा मोडतंच. मॉकली यांची 1940 ची चाचणी ते तपासते, पण लहान नमुन्यात तिला मोडतोड दिसत नाही आणि मोठ्या नमुन्यात क्षुल्लकही दिसते. मी ती न बघता थेट ग्रीनहाउस-गायसर दुरुस्ती लावायला सांगते, आणि त्याहून बरं म्हणजे मिश्र मॉडेल, ज्यात प्रत्येक पेशंटची स्वतःची पातळी वेगळी धरतात, बसवायला. मिश्र मॉडेलमध्ये एखादा पेशंट चौथ्या वेळी आलाच नाही तरी त्याच्या बाकीच्या नोंदी वाया जात नाहीत. दोनच वेळा मोजलं असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

दर पाचवी नोंद ठेवून बाकीच्या काढून टाकल्या तर?

चालतं, पण मला पटत नाही. ρ 0.8 असेल तर पाचव्या पावलाला तो 0.33 उरतो, शून्य होत नाही. आणि कोणी तरी पहाटे उठून घेतलेल्या नोंदी कचऱ्यात जातात. त्यापेक्षा दिवसाची किंवा आठवड्याची सरासरी घ्या, किंवा सगळ्या ठेवून आठवण मॉडेलमध्ये घाला.

नॉन-पॅरामेट्रिक चाचणी वापरली की सुटका होते ना?

होत नाही. मान-व्हिटनी, क्रुस्कल-वॉलिस, कलासाठीची मान-केंडल, या सगळ्या नॉर्मॅलिटी सोडतात, स्वतंत्रता सोडत नाहीत. नोंदी उलटसुलट करून बघायची पर्म्युटेशन चाचणी तर आठवणच पुसून टाकते, म्हणून ती इथे सगळ्यात जास्त फसवते. त्या विचाराची बरी आवृत्ती म्हणजे ब्लॉक बूटस्ट्रॅप, 1989 मध्ये क्युन्श यांनी मांडलेली. एकेक नोंद उचलायची नाही, लागोपाठच्या नोंदींचा सलग तुकडा उचलायचा, म्हणजे तुकड्याच्या आतली आठवण शाबूत राहते. तुकड्याची लांबी n च्या घनमुळाच्या आसपासपासून सुरू करा, 120 नोंदींना पाच, आणि लांबी दुप्पट करून निकाल हलतो का ते बघा.

स्वसहसंबंध उणा आला. मशीन बिघडलंय का?

बहुधा मशीन चांगलं आहे आणि माणूस जास्त काळजी घेतोय. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात पावडरच्या पुड्या भरणारे एक काका मला दाखवत होते. पुडी काट्यावर ठेवायची, 50.6 ग्रॅम आलं की स्क्रू थोडा मागे, 49.5 आलं की थोडा पुढे. प्रत्येक पुडीनंतर. नोंदवहीत एक वर, एक खाली, एक वर, अशी सुईदोऱ्यासारखी शिवण दिसत होती. मशीन मुळात स्थिर असताना प्रत्येक फरक पूर्ण भरून काढायला गेलं तर आजच्या पुडीत आजचा धक्का येतोच, शिवाय कालचा उलटा होऊन येतो. लॅग 1 चा सहसंबंध −0.5 होतो आणि प्रसरण दुप्पट. काकांना मी तासभर स्क्रूला हात लावू नका म्हटलं. त्यांना ते फार जड गेलं, पण शिवण नाहीशी झाली.

चाचणीच्या बाजूने बघाल तर उण्या स्वसहसंबंधात नेहमीची त्रुटी खरीपेक्षा मोठी येते, म्हणजे असलेला फरकही हातचा निसटतो.

शेवटी उपाय कोणता वापरू?

सरासरी किंवा रिग्रेशनचे गुणांक हवेत आणि नोंदी शंभराच्या वर असतील, तर न्यूई-वेस्ट यांची 1987 ची प्रमाण त्रुटी सोपी पडते. किती लॅग घ्यायचे यासाठी 4 × (n/100) चा 2/9 घात हा चालू ठोकताळा आहे, 120 नोंदींना चार येतात. आठवण घट्ट असेल तर ती दुरुस्ती अपुरी पडते, हे लक्षात ठेवा. नोंदी कमी असतील किंवा पुढचा अंदाज हवा असेल तर अवशेषांना एआर किंवा एआरएमए रचना देऊन मॉडेल बसवा. कॉक्रेन-ऑर्कट ही 1949 पासूनची पद्धत त्यातलीच जुनी. मी स्वतः दुसरा मार्ग घेते, कारण त्यात आठवण किती आहे हे एक उत्तर म्हणून हाती येतं, आणि पुष्कळदा तेच उत्तर सगळ्यात कामाचं असतं.

प्रबंधात हे कसं लिहायचं?

चार वाक्यं पुरतात. उदाहरणार्थ: 'साप्ताहिक 120 नोंदींच्या आलेखात वार्षिक लय दिसली, ती मॉडेलमध्ये घेतली. उरलेल्या अवशेषांत लॅग 1 चा स्वसहसंबंध 0.6 होता, म्हणून अवशेषांना एआर(1) रचना दिली. त्यानंतर लॅग 24 पर्यंतच्या ल्यूंग-बॉक्स चाचणीत, स्वातंत्र्याचा एक अंश वजा करून, उरलेला स्वसहसंबंध आढळला नाही. नॉर्मॅलिटी याच अंतिम अवशेषांवर क्यू-क्यू आलेखाने तपासली.' नुसतं 'सर्व गृहीतकं तपासली' लिहू नका. परीक्षकाला क्रम दिसला पाहिजे.

मधल्या काही नोंदी नाहीत. सरळ रेषेने जोडून भरू का?

नका भरू. सरळ रेषेवरचे आकडे शेजाऱ्यांवरूनच बनतात, म्हणजे स्वसहसंबंध तुम्ही स्वतःच्या हाताने वाढवता आणि प्रसरण घटवता. वीज गेली, लॉगर बंद पडला, अशी योगायोगाची गळती असेल तर जागा रिकामी ठेवा. स्टेट-स्पेस मॉडेल आणि मिश्र मॉडेल दोन्ही रिकाम्या जागा सोसतात.

नोंद का नाही, हे मात्र आधी शोधा. आजोबांच्या वहीत दरवर्षी 14 आणि 15 जानेवारीच्या ओळी कोऱ्या असायच्या. उत्तरायणाला ते भल्या पहाटे गच्चीवर जात, दिवसभर फिरकी धरत, उंधियू आणि चिक्की खात, आणि मशीन खाली कपाटात पडून राही. वर्षातला सगळ्यात जास्त रक्तदाब बहुधा त्याच दोन दिवशी असणार. 13 आणि 16 च्या आकड्यांमध्ये रेष ओढून ते दिवस भरले असते, तर वहीत दोन शांत, बेताचे दिवस दिसले असते. अशा ठिकाणी रिकाम्या ओळीशेजारी कारण लिहून ठेवा आणि मॉडेलमध्ये सणाच्या दिवसांची वेगळी खूण द्या. पुढच्या वर्षी शक्य असेल तर मशीनच गच्चीवर न्या.